नको असलेलं काढून मिळेल

दिवाळी अंकात लिहायचं तर माणसानं आयुष्यात काहीतरी कमावलेलं असावं लागतं, अशी माझी समजूत होती. संपादकांना तसं स्पष्ट सांगितलं. म्हणालो, "माझ्या हातून घोटाळे सोडून दुसरं काही झालेलं नाही." ते म्हणाले, "मग घोटाळेच लिहा. कमावलेल्या माणसांचे लेख आमच्याकडं पडून आहेत, कुणी वाचत नाही." म्हणून लिहितो. वाचून कुणाला आपला कॉम्प्युटर माझ्याकडं आणावासा वाटला, तर भिऊ नका. दुकान आता बंद आहे.

देश खुला झाला म्हणतात ना, ते दिवस. आमच्या अंबाजोगाईत तो खुला झाला म्हणजे आधी केबल आली, मग एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि त्यांच्या मागून थर्माकोलमध्ये बसून कॉम्प्युटर आले. पुण्यात कसलासा कोर्स करून मी परतलो आणि दवाखान्यांच्या गल्लीत दुकान टाकलं; संध्याकाळी तिथंच पोरांचा कॉम्प्युटर क्लास घ्यायचो, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. पाटी रंगवून घेतली : 'कॉम्प्युटर दुरुस्ती. नको असलेलं काढून मिळेल.' पेंटरला 'कॉम्प्युटर' शब्द लिहायचा कंटाळा आला असावा. तो त्यानं इतका बारीक काढला की रस्त्यावरून फक्त 'नको असलेलं काढून मिळेल' एवढंच वाचता यायचं. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी लंगडत आत आली, स्टुलावर बसली आणि तळपाय माझ्यासमोर धरला. कुरूप झालं होतं.

"आजी, इथं कुरूप काढत नाहीत," मी म्हणालो.

"मग भाईर कावून लिवलंय?" म्हणाली, आणि पाय तसाच धरून बसली. शेवटी मी तिला हाताला धरून शेजारच्या डॉक्टरांकडं नेऊन सोडलं. डॉक्टर संध्याकाळी येऊन म्हणाले, "पाटी बदलू नका हो. चांगली आहे."

आता धंदा काय तो सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात हार्ड डिस्क नावाची तळहाताएवढी लोखंडी डबी असते. ते तुमचं रान समजा. त्या रानात कुठं काय पेरायचं, कुणी कुठून जायचं हे सांगायला एक कारभारी लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा त्यातला घरोघरी दिसणारा कारभारी. कारभारी बिघडला, किंवा एकाच रानात दोन कारभारी झाले, की लोक मला बोलवायचे. मी आधी कामाचं पीक काढून घ्यायचो, म्हणजे मालकाच्या फायली माझ्या डिस्कवर उतरवून घ्यायचो. मग जुने बांध मोडायचे, सगळं रान उभं-आडवं नांगरायचं, नवे बांध घालायचे, नवा कारभारी बसवायचा आणि पीक परत आणून द्यायचं. याला क्लीन इन्स्टॉल म्हणतात. ऐकायला सोपं आहे. फक्त नांगर धरायच्या आधी रान कुणाचं ते बघावं लागतं.

लहानसहान घोटाळे तर रोजचेच. एका पतसंस्थेचा कॉम्प्युटर परत जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले, मॅनेजरनं विचारलं तर मी म्हणालो, "कंपनी जास्तीचे देते." त्यांनी ते पाकिटात घालून तिजोरीत ठेवले. एका साखर कारखान्याच्या साहेबांना मी इतका अवघड पासवर्ड टाकून दिला की तो त्यांनाही आठवेना आणि मलाही. पण हे किरकोळ. जो अजून विसरता येत नाही, तो प्रसंग युसूफ वडगावचा.

युसूफ वडगावात शिवलिंगअप्पांचं आडत दुकान होतं. तूर, सोयाबीन, कापूस. अप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, आणि आवाज असा की काट्यावरचं पोतं दचकावं. त्यांना कॉम्प्युटर मीच विकला होता. एक दिवस फोन आला.

"मास्तर, आमच्या डब्यात भूत शिरलंय. या लवकर."

गेलो. आडतीच्या मागच्या खोलीत तखतावर कॉम्प्युटर, त्याच्यावर भरतकामाचं कव्हर, आणि कॅबिनेटलाही विभूतीचे तीन पट्टे. अप्पांनी बटण दाबलं. पडद्यावर दोन नावं आली. वर विंडोज, खाली लिनक्स. कुठला पाहिजे ते निवडा, असं मशीन विचारत होतं.

"ह्ये बगा. मुनिमानं परवा चुकून खालचं दाबलं. समदं काळं झालं अन् इंग्रजी वळी पळाया लागल्या. मुनीम चपला सोडून पळाला. अजून घालायला आला न्हाई."

"अप्पा, हे भूत नाही. दुसरा कारभारी आहे. कुणी टाकला?"

"सूनबाईचा भाऊ आलता पुण्याहून, दिवाळीला. त्यानं कायतरी केलंय. ते काढा. एका घरात दोन कारभारी म्हंजे वाटण्या आल्याच. आमच्या भावकीत बगितलंय मी."

सूनबाई म्हणजे शैलजावहिनी. अंबाजोगाईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. सकाळच्या एसटीनं जायच्या, उन्हं कलली की परत यायच्या. मी रीत म्हणून विचारलं, "वहिनींना विचारलंय ना?"

"तिला काय इचारायचं? आडतीचा डबा हाय ह्यो."

मला तेवढं पुरलं. तज्ज्ञ माणसाला सुनेला विचारायची गरज नसते, असं माझंही त्या वेळी मत होतं.

कामाला लागलो. आडतीचा हिशेब, भावाचे तक्ते, अप्पांच्या पुतण्याचे गेम, सगळं ओळीनं पाहिलं. रिसायकल बिन उघडला तर भरगच्च. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विंडोजमध्ये फाईल टाकून दिली की ती लगेच मरत नाही, या कचऱ्याच्या बादलीत जाऊन पडते, बादली रिकामी केली की मग खरी जाते. मी अप्पांना चार शब्द सुनावले. "अप्पा, कचरा असा साठू द्यायचा नसतो. मशीन जड होतं." आणि बादली रिकामी केली. मशीननं विचारलं, नक्की ना? मी नेहमीच नक्की असतो.

मग माझ्या पिशवीतली डिस्क जोडून अप्पांच्या फायली तिच्यावर उतरवल्या आणि मशीन बंद केलं. आता माझा एक नियम होता, जो मी क्लासमधल्या पोरांना छाती पुढं काढून सांगायचो : नांगरायच्या आधी आपली डिस्क बाजूला काढून ठेवावी, म्हणजे चुकून तिच्यावर नांगर फिरत नाही. तशी काढली. कॅबिनेटमध्ये तुरीचं भूस आणि कापसाचे पुंजके इतके होते की अप्पांचीही डिस्क काढावी लागली. दोन्ही डिस्का तखतावर वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही जुळ्या. औरंगाबादच्या एकाच व्यापाऱ्याकडून मी जोडीनं आणलेल्या; एक अप्पांना विकली, एक स्वतःला ठेवली. डावीकडची अप्पांची, उजवीकडची आपली, असं मनात पक्कं केलं आणि ब्लोअरनं भूस उडवलं.

तेवढ्यात आतून अक्कांची, म्हणजे अप्पांच्या बायकोची, हाक आली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. अक्का वाढत राहिल्या, मी खात राहिलो. जेवून आलो तेव्हा ऊन तापलं होतं, म्हणून तखताच्या पलीकडच्या अंगाला, पंख्याखाली जाऊन बसलो. डावीकडची डिस्क उचलली, आत बसवली, फ्लॉपी घालून काम सुरू केलं.

बांध मोडायला बसलो तर पडद्यावर एकच बांध. दोन कारभारी होते तर बांध निदान दोन तरी दिसायला हवेत. शहाण्या माणसानं तिथं थांबावं. मला वाटलं, हा लिनक्स भित्रा दिसतोय; मी येतोय म्हटल्यावर पळाला. मोडला बांध. घातला नांगर. पडद्यावर टक्के वाढायला लागले. अप्पा शेजारी बसून काट्याकडं बघावं तसं बघत होते.

"शंभर झाले की काय व्हतं?"

"रान कोरं होतं, अप्पा."

"लई भारी."

विंडोज बसला. निळं आभाळ, पांढरे ढग, एकच कारभारी. अप्पांनी मशीन बंद करून परत लावलं; दोन नावं आली नाहीत. त्यांनी खुशीनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तेवढ्यात शैलजावहिनी खांद्याची पिशवी न काढताच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय केलंत?"

"वहिनी, सगळं स्वच्छ केलं. आता त्रास नाही."

"स्वच्छ म्हणजे?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "रिसायकल बिन?"

"आधी तोच साफ केला. लई कचरा साठला होता."

वहिनी तुरीच्या पोत्यावर बसल्या. दारातल्या अक्कांकडं, आपल्या सासूकडं, बघून म्हणाल्या, "आत्या, यांनी उकिरडा झाडला."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. माझ्या लक्षात काहीच येईना. घरातला सगळ्यात मोठा स्फोट झालाय आणि आवाज फक्त मला ऐकू आलेला नाही, असं वाटलं.

मग अक्कांनीच सांगितलं. रझाकाराच्या काळात त्यांच्या सासूनं घरातलं सोनं फडक्यात बांधून गोठ्यामागच्या उकिरड्यात पुरलं होतं. वाड्या-वस्त्यांवर धाडी पडत होत्या. पेट्या फुटल्या, कणग्या उपसल्या, भिंती ठोकून बघितल्या. उकिरड्याला कुणी काठीसुद्धा लावली नाही. तेव्हापासून या घरात पोरीबाळींना एकच शिकवण. "चोर घर झाडतो, मास्तर, उकिरडा न्हाई झाडत. मीच सांगितलं व्हतं हिला."

आणि वहिनींचं सोनं म्हणजे त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध. धनगरांच्या औषधांवर. मेंढी फुगली तर कुठला पाला, खुरं सडली तर कुठली साल, हे जाणणारा आसपासच्या गावांत एकच माणूस उरला होता, गेनबा. त्याच्या कळपामागं वहिनी सुट्टीच्या दिवशी रानोरान फिरल्या होत्या. त्याचं बोलणं कॅसेटवर घेतलं, ते टाईप केलं. पुढं त्या कॅसेटवर त्याच पुतण्यानं लग्नाच्या वरातीची गाणी भरली. फ्लॉपीवर ठेवलं, तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात फ्लॉपीचा पापड होतो. आडतीच्या कॉम्प्युटरवर ठेवलं, तर कुणीतरी गेमला जागा करायला एक प्रकरण पुसून टाकलं. तेव्हा वहिनींनी घराण्याची रीत धरली. लिहायचं असलं की फाईल कचऱ्यातून बाहेर काढायची, लिहून झालं की परत कचऱ्यात. कुणाचाही हात तिथं जात नव्हता. आणि गेनबा पोळ्याच्या आधी वारला होता. पुन्हा विचारायला माणूसच नव्हता.

बाहेर हमाल पोती टाकत होते, ती कुणीतरी लांबच्या गावाला टाकतंय असं वाटलं.

वहिनींनी डोळे पुसले. "असू द्या," म्हणाल्या, "सोनं एका उकिरड्यात ठेवायचं नसतं, असंही आत्यांनी सांगितलं होतं. दुसरी प्रत आहे."

माझ्या जिवात जीव आला. मी हसलोसुद्धा. "मग काय वहिनी! कुठं आहे?"

"त्या खालच्या नावात. लिनक्समध्ये. भावाकडून त्यासाठीच तर टाकून घेतलं होतं. घरात सगळे त्याला भितात, कुणी उघडत नाही."

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. मागं घेता येईना आणि पुढं नेता येईना. एका घरात दोन उकिरडे, आणि दोन्ही मी झाडले होते. त्यातला दुसरा झाडायला तर मला खास बोलावून आणलं होतं.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "बे मास्तर, तुमी इचारलं कावून न्हाई तिला?"

"अप्पा, मी तुम्हांला विचारलं होतं..."

एवढं बोललो आणि थांबलो, कारण अप्पांनी मान खाली घातली. त्या माणसाची मान खाली गेलेली मी तेव्हाच पाहिली. काट्यावर पासंग निघाला असता तरी ती गेली नसती. मग ते सुनेकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं, तू त्या डब्यावर पत्ते खेळतीस."

वहिनींनी खांद्याची पिशवी काढून मांडीवर घेतली.

मला तिथून पळून जायचं होतं, पण आडतीचा हिशेब माझ्या डिस्कवर होता, तो परत दिल्याशिवाय जाता येत नव्हतं. वर्तमानपत्रावरची डिस्क उचलली, जोडली. दोन्ही एकदम जोडल्यावर मशीन बोलेचना. म्हटलं, तारा उलट्या लागल्या असतील. आतली डिस्क काढली आणि ही एकटीच लावून बटण दाबलं, चालते तरी का बघायला.

पडद्यावर दोन नावं आली. वर विंडोज. खाली लिनक्स.

"गेलं न्हाई भूत!" अप्पा ओरडले.

मी डिस्क काढण्याचा प्रसंग डोळ्यांपुढं आणला. तखत. वर्तमानपत्र. डावीकडची अप्पांची, उजवीकडची माझी. मग धपाटे. मग पंखा. पंखा तखताच्या पलीकडच्या अंगाला. पलीकडं बसल्यावर डावीकडची कुठली? माझी. तुरीच्या दाण्याएवढी अक्कल असलेल्या माणसानं डिस्कवर खडूनं फुली मारली असती. मी दिशा लक्षात ठेवल्या होत्या आणि स्वतःच फिरलो होतो.

वहिनींनी मला बाजूला सारलं, खालचं नाव निवडलं. काळा पडदा, इंग्रजी ओळी पळायला लागल्या. अप्पा एक पाऊल मागं सरकले, पण चपला सोडल्या नाहीत. वहिनींनी काहीतरी टाईप केलं, फाईल उघडली आणि पहिल्यांदा जे समोर आलं ते मोठ्यानं वाचलं. गेनबाचं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द उतरवलं होतं.

"'मेंढरू आजारी पडलं की आदी त्येच्या म्होरं जाऊन बस. पाल्याकडं पळू नगं. ते दावतं कुटं दुखतंय ते. बाई, तू लिवून घेतीस ते ब्येस हाय, पर मेंढराला वाचाया येत न्हाई, येवढं ध्यानात ठिव.'"

अक्का म्हणाल्या, "गेनबाच बोलतोय गं," आणि रडायला लागल्या. वहिनी हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेवटच्या प्रकरणाची ताजी पानं फक्त बादलीत होती, ती मात्र खरंच गेली. बादलीतून गेलेलं परत काढायचं एक हत्यार असतं, नशीब असलं तर चालतं. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "थांबा वहिनी, ते माझ्याकडं आहे." मग आठवलं, ते कुठं होतं ते.

अप्पांनी कॅबिनेटमधून काढलेली डिस्क हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "मग ह्यात काय व्हतं?"

"सगळं," मी म्हणालो. पुण्यापासून जमवलेले प्रोग्रॅम, क्लासचे धडे, गिऱ्हाइकांच्या फायलींच्या प्रती. निम्मे प्रोग्रॅम इकडून तिकडून उतरवून घेतलेले होते, त्यामुळं कुठं तक्रारही करता येत नव्हती.

"आन् आता?"

"कोरं रान."

अप्पांनी थोडा विचार केला. "मग झालं की. नको असलेलं काढायला बोलिवलं व्हतं, तुमी तुमचं काढलंत. आमचं शाबूत."

त्यांनी ते विनोदानं म्हटलं नव्हतं, म्हणून सगळे जास्त हसले. मग अप्पा स्वतः कागद, डिंक घेऊन आले. वहिनींना म्हणाले, "लिही." मॉनिटरच्या कपाळावर, विभूतीच्या खाली, कागद चिकटला : 'वरचं नाव आडतीचं. खालचं नाव सूनबाईचं. खालच्याला हात लावू नये.' मुनिमासाठी म्हणून लिहिला, असं अप्पा म्हणाले. पण चिकटवताना बघत होते माझ्याकडं.

एसटीत बसलो. पिशवीत अक्कांनी बांधून दिलेले धपाटे होते आणि एक डिस्क, जिच्यावर माझ्या हातून झालेलं आयुष्यातलं सर्वांत निर्दोष क्लीन इन्स्टॉल होतं. एक कारभारी, एकही फाईल नाही. केजच्या फाट्यापर्यंत मी धपाट्याला हात लावला नाही. पुढं लावला.

वहिनींचा प्रबंध पुढं पुरा झाला. गेलेली पानं त्यांनी आठवून परत लिहिली. त्यांत दोन पाल्यांची नावं आठवली नाहीत ती नाहीच. ती दोन नावं मी घालवली. बाकी घोटाळ्यांचं मला हसू येतं, याचं येत नाही. आभाराच्या पानावर त्यांनी मला जागा दिलीय : 'ज्यांची चूक चुकली त्या मास्तरांचे.' एवढा नेमका सत्कार माझा दुसऱ्या कुणी केलेला नाही.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की मी पहिलं विचारायचो, "तुमचा उकिरडा कुठंय?" लोक दचकायचे. एक हेडमास्तर रागावून उठलेच. मग दारापर्यंत जाऊन परत आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "गेमच्या फोल्डरमध्ये कविता आहेत. मिसेसला सांगू नका."

पाटीही बदलली. पेंटरला बोलावून खाली एक ओळ वाढवून घेतली : 'आधी घरातल्या सुनेला विचारून यावे.' ही ओळ मात्र त्यानं हातभर अक्षरांत काढली. रंग वाळतो न वाळतो, तोच ती कुरूपवाली म्हातारी परत आली. लंगडत आत, स्टुलावर, तळपाय माझ्यासमोर.

"सुनंला इचारून आलेय," म्हणाली. "आता तरी काढ."